'अहल्या' लघुपटाचा शेवट समजून घेताना : मुलांना गोष्टीचा शेवट कसा शिकवावा?



गोष्ट सांगून झाली की आपला एक प्रश्न ठरलेला असतो. "मुलांनो, या गोष्टीतून काय बोध घ्याल?" मुलांचं उत्तरही ठरलेलं असतं. "वाईट वागलं की शिक्षा होते." आपण फळ्यावर 'तात्पर्य' लिहितो आणि पुढच्या पाठाकडे वळतो.

पण या घाईत तीन प्रश्न राहून जातात. शेवटी नेमकं काय घडलं? ते तसंच का घडलं, याचे पुरावे गोष्टीत कुठे आहेत? आणि जे घडलं ते योग्य होतं का? मला वाटतं, वाचन शिकवणं म्हणजे खरं तर हे तीन प्रश्न विचारायला शिकवणं. तात्पर्य नंतरही लिहिता येतं.

हे तीन प्रश्न कसे वापरायचे हे समजून घेण्यासाठी आज एक लघुपट घेऊया. हा लेख आपल्यासाठी, म्हणजे मोठ्यांसाठी आहे. प्राथमिकच्या मुलांना हा लघुपट दाखवायचा नाही, तो त्यांच्या वयाचा नाही. आधी आपण पद्धत समजून घेऊ आणि मग ती मुलांच्या गोष्टीला लावू. एक सूचना : पुढे लघुपटाचा शेवट उघड होणार आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, फक्त चौदा मिनिटांचा आहे.

लघुपटाची ओळख

'अहल्या' हा बंगाली लघुपट जुलै २०१५ मध्ये यूट्यूबवर आला. दिग्दर्शक सुजॉय घोष, म्हणजे २०१२ च्या 'कहानी' चित्रपटाचे दिग्दर्शक. पात्रं मोजकीच आहेत. गौतम साधू हे वयस्कर, नावाजलेले कलावंत. ही भूमिका सौमित्र चटर्जी यांनी केली आहे. १९५९ च्या 'अपूर संसार'पासून सत्यजित राय यांच्या अनेक चित्रपटांत दिसलेले हे ज्येष्ठ अभिनेते. त्यांची तरुण पत्नी अहल्या म्हणजे आपली राधिका आपटे, 'लय भारी'मुळे मराठी घराघरांत ओळखीची. आणि तिसरा पोलीस अधिकारी इंद्र सेन, ही भूमिका तोता रॉय चौधरी यांची.

नावं वाचूनच तुमच्या लक्षात आलं असेल. गौतम, अहल्या, इंद्र. आपल्याला लहानपणापासून माहीत असलेली रामायणातली कथा. दिग्दर्शकाने काहीच लपवलेलं नाही, पत्ते उघडे टाकूनच डाव मांडला आहे. तरीही शेवट आपल्याला चकवतो. का चकवतो, तेच पाहायचं आहे.

कथानक थोडक्यात

अर्जुन नावाचा एक तरुण बेपत्ता आहे. तो मॉडेल म्हणून काम करायचा आणि गौतम साधूंकडे आला होता, एवढा धागा पोलिसांकडे आहे. त्या तपासासाठी इंद्र सेन साधूंच्या घरी येतो. दार अहल्या उघडते. इंद्राची नजर तिच्यावर खिळते. घरात एका फळीवर माणसांसारख्या हुबेहूब बाहुल्या मांडून ठेवलेल्या आहेत. त्यातली एक आपोआप पडते. त्या बाहुलीचा चेहरा बेपत्ता अर्जुनासारखा आहे.

मग साधू येतात. अर्जुनाबद्दल विचारल्यावर ते एक अजब गोष्ट सांगतात. त्यांच्याकडे एक दगड आहे. तो हातात घेऊन ज्याचं रूप हवं, त्याचं रूप माणसाला मिळतं. इंद्र पोलीस, त्याला हे कसं पटणार? साधू म्हणतात, मग स्वतःच करून पाहा. दगड घ्या, माझं रूप घ्या आणि वरच्या खोलीत जाऊन अहल्येला तिचा मोबाइल देऊन या.

इंद्र वर जातो. अहल्या त्याच्याशी नवरा समजून बोलते. आरशात पाहतो तर समोर गौतम साधूंचा चेहरा! दगडाची गोष्ट खरी निघाली. आता इंद्र काय करतो? तो परत फिरत नाही.

शेवटी नेमकं काय घडतं?

हा पहिला प्रश्न. इथे 'मला काय वाटलं' नाही, फक्त 'काय दिसलं' ते सांगायचं.

इंद्र भानावर येतो तेव्हा अडकलेला असतो. तो ओरडतो, पण त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. कारण तो आता फळीवरची एक बाहुली झालेला आहे. इतर बाहुल्यांच्या रांगेत आणखी एक.

एवढंच घडतं. बाकी सगळं आपल्याला जोडायचं आहे. अर्जुन कुठे गेला? त्याच फळीवर. बाकीच्या बाहुल्या कोण आहेत? बहुधा असेच आलेले पाहुणे. हे लघुपटातलं कुणीही तोंडाने सांगत नाही, आपण अनुमानाने ओळखतो. भाषेच्या अध्ययन निष्पत्तींमध्ये आपण 'अंदाज बांधणे', 'अनुमान काढणे' असं लिहितो ना, ते हेच.

पुराव्याचे धागे सुरुवातीलाच आहेत

आता दुसरा प्रश्न. असा शेवट होणार हे कशावरून? लघुपट पुन्हा एकदा सुरुवातीपासून पाहा, मग हे धागे सापडतील.

१. पडणारी बाहुली. पहिल्यांदा पाहताना वाटतं, वाऱ्याने पडली असेल किंवा आपल्याला दचकवायला पाडली असेल. शेवट कळल्यावर तीच बाहुली वेगळी दिसते. आत माणूस असेल, तर ते पडणं ही त्याची हाक होती. समोर पोलीस उभा होता आणि अर्जुनाला बोलता येत नव्हतं.

२. बाहुलीचा चेहरा. पुरावा तपास अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर होता. पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

३. पात्रांची नावं. गौतम आणि अहल्येच्या घरात इंद्र आला, म्हणजे पुढे काय होणार याची अर्धी गोष्ट आपल्याला आधीच माहीत आहे.

४. दगड. मूळ कथेत शेवटी दगड होतो. इथे दगड सुरुवातीला येतो आणि हातात दिला जातो. इथेच खरं तर आपण सावध व्हायला हवं होतं.

माणसाची बाहुली करणारा कलावंत ही कल्पना बंगाली वाचकांना नवी नाही. सत्यजित राय यांच्या प्रोफेसर शंकू मालिकेत अशा अजब बाहुल्यांची एक कथा आहे. हा लघुपट आल्यावर अनेकांना तिची आठवण झाली. म्हणजे या शेवटामागे एक नाही, दोन जुन्या गोष्टी उभ्या आहेत.

मूळ कथा : वाल्मीकींची आणि आपण ऐकलेली

तिसऱ्या प्रश्नाकडे जाण्याआधी मूळ कथा नीट पाहू. आपल्याकडे साधारण अशी सांगितली जाते : इंद्राने गौतम ऋषींचं रूप घेऊन अहल्येला फसवलं, ऋषींनी रागावून तिला शाप दिला, ती शिळा झाली आणि पुढे रामाच्या चरणस्पर्शाने तिचा उद्धार झाला.

वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात मात्र कथा बरीच वेगळी आहे. तिथे अहल्या इंद्राला ओळखते आणि तरीही संमती देते. तिथे ती शिळा होत नाही. कुणालाही न दिसता, वारा खाऊन, राखेत पडून तप करत राहा, असा तिला शाप आहे. इंद्रालाही शिक्षा आहे, त्याचं पौरुष नष्ट होतं. आणि राम येतो तेव्हा राम आणि लक्ष्मण हे दोघं अहल्येच्या पायाला स्पर्श करतात. शिळा आणि चरणस्पर्श पुढच्या काळातल्या कथनांमधून आपल्यापर्यंत आले. इतर काही कथनांत अहल्येला काहीच ठाऊक नसतं, ती पूर्णपणे फसवली जाते.

म्हणजे 'अहल्येला माहीत होतं का?' हा प्रश्न फार जुना आहे आणि वेगवेगळ्या काळांनी त्याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. पण बहुतेक कथनांत एक गोष्ट सारखी राहते. इंद्र शिक्षा भोगून पुन्हा आपल्या जागी जातो, देवांचा राजाच राहतो. अहल्या मात्र वर्षानुवर्षं तिथेच पडून राहते.

ही कथा वर्गात सांगितली तेव्हा चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, रूप इंद्राने बदललं, मग दगड ती का झाली?" मुलांचे प्रश्न असे नेमके असतात. त्याला 'तात्पर्य' हे उत्तर पुरत नाही.

लघुपटात काय उलटं झालं?

सुजॉय घोष यांचा शेवट म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाला दिलेलं एक उत्तर आहे. फरक शेजारी शेजारी मांडून पाहू.

- मूळ कथेत निश्चल होते ती अहल्या. लघुपटात निश्चल होतो तो इंद्र.
- मूळ कथेत गौतमाचं रूप इंद्र स्वतः चोरतो. लघुपटात गौतमच ते रूप त्याच्या हातात देतो.
- मूळ कथेत अहल्येला ठाऊक होतं की नाही यावर वाद आहे. लघुपटात तिला सगळं ठाऊक असावं, असंच शेवट सुचवतो.
- मूळ कथेत गौतम घरी नसतो. लघुपटात तो खालच्या मजल्यावर बसलेला आहे.
- मूळ कथेत उद्धाराची वाट आहे, एक दिवस राम येणार आहे. लघुपटात बाहुल्यांसाठी कुणी येणार असल्याचं चिन्ह नाही.

पहिला मुद्दा सगळ्यांच्या चटकन लक्षात येतो आणि पाहणाऱ्याला बरंही वाटतं. चला, या वेळी शिक्षा योग्य माणसाला झाली! बरेच जण इथेच थांबतात. पण यादीतले पुढचे मुद्दे वाचा, मग शेवट तितका सोपा राहत नाही.

मग हा न्याय झाला का?

हा तिसरा प्रश्न आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

आधी इंद्राची बाजू बघू. त्याला जाळ्यात ओढलं गेलं, हे खरंच. दगड त्याने मागितला नव्हता. वर जाण्याची सूचनाही त्याची नव्हती. जिन्यावरून जाताना त्याला दगडाची गोष्ट थापच वाटत असणार. इथपर्यंत त्याला दोष देता येत नाही. पण आरशात पाहिल्यावर चित्र बदलतं. आता त्याला कळलेलं आहे की समोरची स्त्री आपल्याला नवरा समजून बोलते आहे. त्याच्या समजुतीप्रमाणे ती फसते आहे आणि फसवणारा तो स्वतः आहे. मोबाइल देऊन खाली येण्याचा रस्ता मोकळा होता. तो नाही आला. अहल्या खरोखर फसत होती की नाही, हा पुढचा भाग. त्याने जे केलं ते 'ती फसते आहे' हे मानून केलं. म्हणून मोह दाखवणारा दुसरा असला, तरी त्या क्षणाची जबाबदारी इंद्राचीच राहते.

आता साधूंची बाजू. त्यांनी परीक्षा घेतली असं म्हणावं, तर परीक्षा अशी रचली की नापास होणारा कधी घरी परत जाणार नाही. आरोप त्यांनीच ठेवला, पुरावा त्यांनीच उभा केला, निकाल त्यांनीच दिला आणि शिक्षाही त्यांनीच केली. आरोपीला स्वतःची बाजू मांडायला तोंडच ठेवलं नाही. याला न्याय म्हणायचं का? मूळ कथेतही शाप देणारा गौतमच होता. शिक्षा कुणाला झाली हे बदललं, पण शिक्षा देण्याचा अधिकार त्याच एका माणसाच्या हातात राहिला.

आणि अहल्या? ती शिळा झाली नाही, हसते आहे, बोलते आहे. पण ती मोकळी आहे का? ती स्वखुशीने या खेळात आहे की नवऱ्याच्या प्रयोगातलं आमिष आहे, हे लघुपट सांगत नाही. तुम्ही पाहाल तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे नीट लक्ष द्या आणि स्वतः ठरवा. या प्रश्नावर दोन शिक्षकांचं एकमत होणार नाही, आणि तसं होण्याची गरजही नाही.

आणखी एक माणूस आपण विसरतो, तो म्हणजे अर्जुन. लघुपट सुरू होतो तो त्याच्या शोधाने. एक तरुण बेपत्ता आहे. त्याच्या घरचे कुणीतरी वाट पाहत असणार, हे आपण सहज धरून चालू शकतो. त्याला शोधायला त्या दारात आलेला अधिकारी इंद्र सेन होता. कर्तव्य विसरून तो दुसऱ्याच गोष्टीत गुंतला आणि आता तोही बेपत्ता झाला. अर्जुनाचं काय झालं हे आपल्याला, म्हणजे पाहणाऱ्यांना कळलं. पण गोष्टीतल्या बाहेरच्या जगात ते कुणालाच कळलेलं नाही. गुन्हेगारी कथेत शेवटी गुन्हा उघडकीस येतो, अशी आपली सवय असते. इथे गुन्हा उघडकीस येत नाही, उलट तपास करणाराच फळीवर जाऊन बसतो. इंद्राच्या मोहाची सगळ्यात मोठी किंमत अर्जुनाने मोजली, असं मला वाटतं.

म्हणून 'वाईटाला शिक्षा झाली' हे तात्पर्य इथे अपुरं पडतं. शिक्षा झाली, पण न्याय झाला नाही. या दोन शब्दांत फरक आहे आणि तो मुलांना शाळेतच कळायला हवा. कारण शिक्षा त्यांना रोज दिसते. न्याय म्हणजे काय, हे समजायला गोष्टी लागतात.

वर्गात कसं घ्यावं?

हेच तीन प्रश्न पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी चिऊ-काऊच्या गोष्टीला लावून पाहा. तिथेही दार आहे, दाराशी आलेला पाहुणा आहे आणि शेवटी शिक्षा आहे. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं. चिमणीचं मेणाचं राहिलं. कावळा दाराशी आला. चिमणीने त्याला खूप वेळ बाहेर ठेवलं आणि काही घरांत सांगतात तशा शेवटात तो चुलीपाशी किंवा तव्यावर बसून भाजला. काही घरांत वेगळं सांगतात, कावळा आत शिरून चिमणीचं धान्य फस्त करतो. काही आया-आज्या तर शेवटी चिमणीला त्याला उबेत घ्यायला लावतात.

उपक्रमाच्या पायऱ्या अशा :

१. मुलांना घरून गोष्ट ऐकून यायला सांगा. आजी, आई, शेजारच्या काकू, कुणीही चालेल. प्रत्येकाचा शेवट वेगळा येईल.

२. 'काय घडलं?' गट करून प्रत्येक शेवट दोन वाक्यांत लिहून घ्या. इथे मत नको, फक्त घटना.

३. 'कशावरून?' कावळा वाईट होता असं कुणी म्हणालं, तर गोष्टीतली ती जागा दाखवायला सांगा. मुलांना शोधताना मजा येते. बऱ्याचदा लक्षात येतं की शेणाचं घर असणं हा काही गुन्हा नाही!

४. 'योग्य होतं का?' दोन बाजू करा. एक गट कावळ्याकडून बोलेल, दुसरा चिमणीकडून. मध्येच बाजू बदला. ज्यांनी कावळ्याला दोष दिला, त्यांनाच कावळ्याचं म्हणणं मांडू द्या.

५. शेवटी प्रत्येकाला स्वतःचा शेवट लिहू द्या. अट एकच : शेवट का बदलला, त्याचं एक कारण लिहायचं.

गुण देताना शेवट 'बरोबर' आहे का हे पाहू नका. कारण दिलं आहे का, ते पाहा. जो मुलगा एरवी गप्प बसतो तो कावळ्याची बाजू घेऊन बोलायला लागला, तर त्या दिवशीचा पाठ यशस्वी झाला असं समजा.

पालकांसाठी दोन शब्द

तुमची मुलं नववी-दहावीच्या पुढची असतील, तर आधी स्वतः 'अहल्या' पाहा. योग्य वाटलं तरच सोबत बसून पाहा आणि नंतर मोबाइल बाजूला ठेवून बोला. 'इंद्राला परत फिरता आलं असतं का? नेमकं कोणत्या क्षणी?' हा एकच प्रश्न विचारा. समोरची व्यक्ती फसते आहे असं वाटत असताना त्याचा फायदा घेणं, 'दुसऱ्याने संधी दिली म्हणून' अशी सबब सांगणं, या विषयांवर वयात येणाऱ्या मुलांशी थेट बोलायला आपल्याला जड जातं. गोष्ट मध्ये असली की ते सोपं होतं. मुलगा काय म्हणतो ते पूर्ण ऐकून घ्या. लगेच उपदेश करू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो बोलणारच नाही.

थोडक्यात

शेवट समजणं म्हणजे धक्का कुठे होता हे ओळखणं एवढंच नाही. काय घडलं, कशावरून आणि योग्य होतं का, या तीन पायऱ्या चढल्या तर मूल कोणत्याही गोष्टीचा शेवट स्वतः उलगडू शकतं. पुस्तकातला असो, पडद्यावरचा असो किंवा गल्लीतल्या भांडणाचा. आणि एखाद्या मुलीने 'मग दगड ती का झाली?' असं विचारलं, तर तिला गप्प बसवू नका. वर्ग दोन मिनिटं थांबवा आणि तिचा प्रश्न फळ्यावर लिहा.